संकटकाळची परीक्षा: दया की करुणा?



आपल्यापैकी काहींच्या घरात पंचशील म्हटले जाऊ लागून दोन पिढ्या झाल्या, तर काहींच्या घरात अजून एकदोन वर्षेच झाली असतील. परंतु घर जुने असो वा नव्याने धम्मात आलेले असो, एक दृश्य सगळीकडे सारखेच दिसते. भिंतीवर तथागतांची आणि पूज्य बाबासाहेबांची तसबीर असते आणि तिच्याच खाली पत्र्याच्या पेटीत, प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेल्या मुलामुलींच्या गुणपत्रिका असतात. जमिनीचा सातबारा आपल्यापैकी थोड्यांकडे आहे. बहुतेकांची मिळकत त्या पिशवीतच आहे. म्हणून गुण कसे दिले जातात, हा प्रश्न मास्तरांवर सोडून देण्यासारखा नाही. तो आपल्या घरचा प्रश्न आहे आणि धम्माचाही आहे.

प्रश्न असा की, एखाद्या मोठ्या संकटात सापडलेल्या विद्यार्थ्याची परीक्षा कशी घ्यावी आणि त्याला गुण कसे द्यावेत? नियमाप्रमाणे काटेकोर वागावे, की त्याची अवस्था पाहून हात सैल सोडावा? पहिल्याला लोक न्याय म्हणतात, दुसऱ्याला दया म्हणतात. आपण बौद्ध आहोत, करुणेचा मार्ग आपण स्वीकारला आहे, तेव्हा आपण दुसऱ्याच बाजूला असले पाहिजे, असे कोणालाही सहज वाटेल. मलाही पुष्कळ वर्षे तसेच वाटत होते. तसे नाही, हे मी का म्हणू लागलो ते तुम्हांला सांगायचे आहे.

रायगडच्या किनाऱ्यावर काय घडले

मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे शाळा-महाविद्यालये बंद झाली. दहावीचा शेवटचा, भूगोलाचा पेपर रद्द झाला आणि त्याचे गुण इतर विषयांच्या सरासरीने देण्यात आले. विद्यापीठांच्या परीक्षा लांबल्या. मे महिन्याच्या अखेरीस राज्य शासनाने सांगितले की, पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना आधीच्या सत्रांच्या सरासरीवर उत्तीर्ण करावे. राज्यपालांनी त्यास हरकत घेतली. हा वाद रंगात येत असतानाच ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर आदळले. वारा ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाने वाहत होता. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड या भागांत नारळी-पोफळीच्या बागा मुळासकट आडव्या झाल्या. घरांची कौले आणि पत्रे उडाले, विजेचे खांब वाकले, मोबाइलचे टॉवर बंद पडले. कित्येक गावांत वीज यायला आठवडेच्या आठवडे लागले.

आपल्या बौद्धवाड्यांची अवस्था तुम्हांला सांगायला नको. ज्याची बाग पडली त्याच्या बागेचा पंचनामा होतो. त्या बागेत सुपारी काढणाऱ्याची, सोलणाऱ्या बाईची मजुरी बुडाली, तिचा पंचनामा कोण करणार? त्यातच मुंबईहून टाळेबंदीमुळे परतलेली माणसे घरात होती. एका खोलीत आठ माणसे, डोक्यावर ताडपत्री, आणि त्या घरातला मुलगा किंवा मुलगी पदवीच्या वर्गात.

६ जुलै २०२० रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाने सांगितले की, शेवटच्या वर्षाच्या परीक्षा सप्टेंबरअखेर घेतल्याच पाहिजेत. युवासेना आणि काही विद्यार्थी सर्वोच्च न्यायालयात गेले. २८ ऑगस्ट २०२० रोजी निकाल लागला. आपत्तीच्या कायद्याखाली राज्याला परीक्षेची तारीख पुढे ढकलण्याची मागणी करता येईल, परंतु परीक्षेवाचून पदवी देता येणार नाही, असे न्यायालयाने सांगितले. मग मुंबई विद्यापीठाच्या शेवटच्या वर्षाच्या परीक्षा ऑक्टोबरमध्ये घरबसल्या ऑनलाइन झाल्या. एक तास, समोर प्रश्न, खाली चार पर्याय, योग्य त्यावर बोट ठेवायचे. रायगडातील बहुतेक महाविद्यालये याच विद्यापीठाची असल्यामुळे आपल्या मुलांनीही तीच परीक्षा दिली.

खुले तळे आणि खुली परीक्षा

त्यावेळी दोन्ही बाजूंनी जे बोलले गेले ते आठवा. एक बाजू म्हणाली, परीक्षा सर्वांना सारखी आहे, प्रश्न सारखे आहेत, वेळ सारखा आहे. मग अन्याय कोठे आहे?

याचे उत्तर आपल्याच जिल्ह्यात, महाडला आहे. १९२३ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. पुढील वर्षी महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळे सर्वांना खुले केल्याचे ठरविले. कागदावर तळे खुले झाले, पण ओंजळभर पाणी कोणाला मिळाले नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो माणसांसह तेथवर चालत जाऊन ते पाणी प्यावे लागले, तेव्हा कोठे त्या ठरावाला काही अर्थ आला. कागदावरचे खुलेपण आणि प्रत्यक्षात हाताला लागणारे पाणी यांत किती अंतर असते, हे आपल्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार?

ऑनलाइन परीक्षाही अशीच सर्वांना खुली होती. पुण्या-मुंबईच्या बंद खोलीत, पंख्याखाली, वायफायवर बसलेल्याला ती खुली होती. आणि रेंज मिळावी म्हणून टेकडीवर जाऊन, भावाचा फोन मागून, त्यात उसनवारीने रिचार्ज मारून बसलेल्यालाही ती खुलीच होती! प्रश्नपत्रिका सारखी असली म्हणजे परीक्षा सारखी झाली असे होत नाही. विषम परिस्थितीवर सारखा नियम लावला की विषमता तशीच राहते, फक्त तिच्यावर नियमाचा शिक्का बसतो.

तेव्हा ‘सर्वांना सारखे’ एवढ्याने न्याय होत नाही, हे उघड आहे. पण मग दुसरी बाजू बरोबर का? सर्वांना सरसकट गुण देऊन मोकळे व्हावे का? येथे मला माझी स्वतःची एक चूक तुमच्यापुढे मांडायची आहे.

बारा गुणांची गोष्ट

मी त्यावेळी किनाऱ्यावरच्या एका महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवीत होतो. दुसऱ्या वर्षाच्या मुलांची परीक्षा होणार नव्हती. आधीच्या सत्राचे गुण निम्मे आणि चालू सत्राचे अंतर्गत गुण निम्मे धरून त्यांना पुढच्या वर्गात घालायचे होते. माझ्याकडे वीस गुणांचे प्रकल्पकार्य होते. बहुतेकांच्या वह्या मार्चपूर्वी आल्या होत्या. आठदहा जणांच्या आल्या नव्हत्या. त्यांत एका बौद्धवाडीतील मुलगी होती. तिने वाडीतील सुपारी सोलणाऱ्या बायांच्या मजुरीचा हिशेब हा विषय घेतला होता. वादळात घराचे पत्रे गेले आणि वही पावसात लगदा झाली, असे तिच्या मैत्रिणीकडून कळले. तिचा फोन लागत नव्हता. कार्यालयातून निरोप आला की, वही नाही तर शून्य भरा, गुणतक्ता आजच पाठवायचा आहे.

शून्य भरायला माझा हात धजेना. मी बारा भरले. मनात म्हटले, बिचारीचे घर गेले, गुण तरी जाऊ नयेत. त्या रात्री मला फार बरे वाटले. आपण काही चांगले केले, असे वाटले.

महिन्याभराने तिचा फोन आला. आधी तिने घरची हकीकत सांगितली. मग विचारले, “सर, माझी वही तर तुमच्यापर्यंत आलीच नाही. मग बारा मार्क कशाचे?”

मी म्हणालो, “अगं, तुमच्याकडे वादळ झालं ना, म्हणून.”

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “म्हणजे ते वादळाचे मार्क झाले. माझे किती?”

बंधूंनो, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. तिने चार महिने बायांच्या पाठीमागे फिरून हिशेब लिहिला होता. वही गेली, पण हिशेब तिच्या डोक्यात होता. तो मी विचारलाच नाही. शून्य भरणाऱ्या नियमाने तिला विचारले नाही, आणि बारा भरणाऱ्या माझ्या दयेनेही तिला विचारले नाही. दोघांच्याही लेखी ती मुलगी म्हणजे तक्त्यातला एक रिकामा चौकोन होती. नियमाने तो चौकोन एका आकड्याने भरला असता, मी तो दुसऱ्या आकड्याने भरला.

दुसऱ्या दिवशी मी तिला ठरल्या वेळी फोन करायला सांगितले. रेंजसाठी ती वाडीच्या वरच्या अंगाला गेली. अर्धा-पाऊण तास मी तिला प्रश्न विचारले. किती बायांशी बोललीस, मजुरी किलोवर की दिवसावर, सरासरी कशी काढलीस, पावसाळ्यात काम किती मिळते. बायांच्या मजुरीबद्दल ती इतके सांगत होती की, मीच लिहून घेऊ लागलो. पुस्तकातल्या मजुरीच्या सिद्धान्तावर मात्र ती अडखळली. मी प्रामाणिकपणे गुण मांडले. ते अकरा झाले. तसे तिला सांगितले, वर हेही सांगितले की, बारा आधीच गेलेले आहेत, ते तसेच राहू दे. ती म्हणाली, “नको सर, अकराच करा.” मी अर्ज करून ते अकरा करून घेतले. कार्यालयातल्या लोकांना याचे हसू आले. कारण गुण वाढवून मागणारे अर्ज त्यांनी पाहिले होते, कमी करून मागणारा हा पहिलाच.

राहिलेल्या मुलांनाही मी मग एकेकाला फोन केले. एकाला काहीच सांगता आले नाही, कारण त्याने काम केलेच नव्हते. त्याला वादळाची झळही लागली नव्हती. माझ्या दयेने त्यालाही बारा मिळाले होते!

दया आणि करुणा

दया आणि करुणा हे दोन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो. पण त्यांत फरक आहे, आणि तो धम्मात नव्याने आलेल्या प्रत्येक घराने समजून घ्यावा असा आहे. दया ही वर उभ्या असलेल्याने खाली असलेल्यावर करायची गोष्ट आहे. आपल्या वाडवडिलांना शिळी भाकर वरून टाकली जाई, तीही दयाच होती. तिने पोट भरले, पण माणूस माणूस झाला नाही. करुणेला समोरच्या माणसाची माहिती करून घ्यावी लागते. म्हणूनच बाबासाहेबांनी करुणेला प्रज्ञेपासून कधी वेगळे काढले नाही. प्रज्ञेवाचून केलेली करुणा आंधळी असते आणि ती काय देते आहे, कोणाला देते आहे, हे तिचे तिलाच कळत नाही. माझ्या बारा गुणांचे तेच झाले.

तथागतांच्या चरित्राशी जोडलेल्या दोन गोष्टी या ठिकाणी आठवतात. एकदा तथागत आळवी नगरीत आले होते. एका गरीब शेतकऱ्याला त्यांचा उपदेश ऐकायचा होता, परंतु त्याच दिवशी त्याचा बैल हरवला. बैल शोधता शोधता दुपार टळली आणि तो उपाशीच धावत तेथे पोहोचला. सर्वजण जेवून उपदेशाची वाट पाहत बसले होते. तथागत बोलले नाहीत. त्यांनी आधी त्या शेतकऱ्याला उरलेले अन्न वाढायला लावले आणि तो जेवून शांत झाल्यावर मगच उपदेशाला सुरुवात केली. भिक्खूंना याचे नवल वाटले. तेव्हा भुकेसारखा दुसरा रोग नाही, असे तथागतांनी त्यांना समजावले. लक्षात घ्या, तथागतांनी त्याला उपदेश माफ केला नाही. ‘तू दमला आहेस, घरी जा, तुला धम्म समजला असे मी धरतो’, असेही म्हटले नाही. त्यांनी सगळी सभा थांबविली, भुकेल्याला जेवू घातले, आणि इतरांना दिला तोच पूर्ण धम्म त्यालाही दिला.

दुसरी गोष्ट चुल्लपंथकाची. त्याला एक गाथा चार महिन्यांत पाठ झाली नाही, म्हणून त्याचा थोरला भाऊ महापंथक, जो स्वतः भिक्खू होता, त्याने त्याला विहारातून जायला सांगितले. पाठांतराच्या परीक्षेत तो नापास झाला होता ना! तथागतांनी त्याला जवळ घेतले, एक स्वच्छ वस्त्र त्याच्या हाती दिले आणि ते हाताने चोळत राहा, असे सांगितले. चोळता चोळता वस्त्र मळले आणि त्या मळलेल्या वस्त्राकडे पाहून चुल्लपंथकाला अनित्यता समजली. तो अर्हत झाला. अर्हतपदाची पायरी त्याच्यासाठी खाली आणली नव्हती. पायरी तीच ठेवून तिच्याकडे जाण्याची वाट तेवढी वेगळी केली.

वेळ द्यावा, वाट बदलावी, पण पायरी खोटी करू नये. करुणेचे माप ते हेच.

बाबासाहेबांचे उदाहरण

हे केवळ जुन्या ग्रंथांतले आहे असे समजू नका. बाबासाहेब १९०७ साली मॅट्रिक झाले, तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते. शंभरात अडतीससुद्धा नाहीत. एका खोलीच्या चाळीत, पहाटे उठून दिव्यावर अभ्यास करून मिळविलेले ते गुण होते. पुढे रावबहादूर झालेल्या त्याच बोल्यांच्या अध्यक्षतेखाली त्यांचा सत्कार झाला आणि केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांच्या हाती ठेवले. आज एखाद्याने तेवढे गुण आणले तर आपणच त्याच्यावर हात उगारतो! आकडा लहान होता, पण तो खरा होता. त्या खऱ्या आकड्यावर पाय ठेवून ते कोलंबिया आणि लंडनपर्यंत गेले.

लंडनला काय झाले तेही ध्यानात ठेवा. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परत यावे लागले. तो महायुद्धाचा काळ होता. लंडन विद्यापीठाने त्यांना चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी दिली. १९२० साली ते परत गेले. १९२१ मध्ये एम.एस्सी. झाले. डी.एस्सी.साठी रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध दिला, तर परीक्षकांनी तो पुन्हा लिहून आणायला सांगितले. त्यांनी तो पुन्हा लिहिला आणि १९२३ साली ती पदवी मिळविली. विद्यापीठाने त्यांना मुदत दिली, प्रबंध मात्र माफ केला नाही. त्या पदवीकडे बोट दाखवून ‘ही सवलतीची’ असे म्हणण्याची आजवर कोणाची छाती झालेली नाही.

याच बाबासाहेबांनी १९२७ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात विद्यापीठाच्या विधेयकावर बोलताना सांगितले होते की, शिक्षण वेगळे आणि परीक्षा वेगळी. दर्जा वाढविण्याच्या नावाखाली परीक्षा इतक्या कठीण केल्या जात आहेत की, मागासलेल्या वर्गांना विद्यापीठाचे दारच बंद व्हावे. म्हणजे परीक्षेच्या नावाने चाललेला अन्यायही त्यांनी ओळखला होता आणि स्वतःची पात्रता पुरी सिद्ध केल्यावाचून त्यांनी पदवीही घेतली नव्हती. या दोन गोष्टींत विरोध नाही. खोटी कठोरता आणि खोटी सवलत ही दोन्ही माणसाला त्याचे खरे माप कळू देत नाहीत.

दुसऱ्याच्या भूतकाळाने केलेले माप

परीक्षा झाली नाही तर मागील गुणांवरून ठरवावे, हा मार्ग सोपा दिसतो. त्यात काय धोका आहे, हे इंग्लंडमध्ये ऑगस्ट २०२० मध्ये दिसले. तेथे बारावीच्या तोडीची परीक्षा झाली नव्हती. शिक्षकांनी दिलेल्या श्रेणी एका गणिती सूत्रातून काढल्या गेल्या आणि त्या सूत्रात त्या शाळेचा मागील वर्षांचा निकाल धरला होता. जवळजवळ चाळीस टक्के श्रेणी खाली आल्या. ज्या शाळेतून पूर्वी कोणी वर गेले नाही, त्या शाळेतली हुशार मुलगी केवळ त्या शाळेची म्हणून खाली ओढली गेली. मुले रस्त्यावर आली आणि चार दिवसांत सरकारला ते सूत्र मागे घ्यावे लागले. मुलाने काय केले ते न पाहता तो कोणत्या गोतावळ्यातला आहे ते पाहायचे, या रीतीचा परिचय आपल्याला हजारो वर्षांचा आहे. तिला आपण काय म्हणत होतो, ते वेगळे सांगायला नको.

आपल्याकडे २०२१ साली दहावी-बारावीच्या परीक्षा रद्द झाल्या. बारावीला दहावीचे तीस, अकरावीचे तीस आणि बारावीचे चाळीस टक्के असे धरून गुण दिले. दहावीचा निकाल ९९.९५ टक्के आणि बारावीचा ९९.६३ टक्के लागला. त्या वर्षी साथ जोरात होती आणि मुलांचे जीव वाचवणे पहिले होते, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु सर्वांनाच पास केले की खरोखर अभ्यास केलेल्या गरीब मुलाचे नुकसान कोणी मोजत नाही. श्रीमंताच्या मुलाजवळ गुणांखेरीज वडिलांची ओळख असते, शिकवणी असते, देणगीची जागा असते. आपल्या मुलाजवळ गुणपत्रिकेखेरीज दुसरे काय असते? ती गुणपत्रिका बिनमोलाची झाली की पहिला तोटा आपला होतो.

आणि मग टोमणा येतो. जुलै २०२० मध्ये राज्यातील कृषी महाविद्यालयांच्या गुणपत्रिकांवर ‘प्रमोटेड कोविड-१९’ असा शब्द छापला गेला. ओरड झाल्यावर तो काढून टाकण्याचा आदेश कृषिमंत्र्यांना द्यावा लागला. संकट मुलांनी आणले नव्हते, परीक्षाही त्यांनी रद्द केली नव्हती. तरी कपाळावर शिक्का मात्र त्यांच्या! शिक्का मारून दिलेली सवलत ही दयाच असते. ती देताना अपमान करते.

शिक्षकांनी आणि आपण काय करावे

शिक्षक असलेल्या बांधवांना सांगणे एवढेच की, गैरहजेरी म्हणजे अज्ञान नव्हे. रिकाम्या चौकोनात शून्य लिहू नका आणि बारासुद्धा लिहू नका. आधी विचारा. वर्गात शंभर-सव्वाशे मुले असतात हे मला ठाऊक आहे. पण संकटाने तुटलेली आठ-दहाच असतात, त्यांच्यापर्यंत पोहोचता येते. लेखी जमत नसेल तर तोंडी घ्या, आज जमत नसेल तर महिन्याने घ्या. मात्र जी वाट एकाला उघडाल ती त्या अवस्थेतल्या सर्वांना उघडा, आणि आधी जाहीर करून उघडा. गुपचूप केलेली मेहेरबानी ही ज्यांच्यावर होत नाही त्यांच्यावर अन्याय असतो.

आईवडिलांना सांगायचे ते थोडे कडू आहे. त्या ऑनलाइन परीक्षांच्या वेळी काही घरांत काय चालले होते, हे आपल्याला माहीत आहे. मुलगा फोनवर प्रश्न वाची आणि शिकलेला मामा किंवा थोरली बहीण उत्तर सांगे. ‘सगळेच करतात’, असे आपण म्हणालो. रोज सकाळी न दिलेले घेणार नाही आणि खोटे बोलणार नाही म्हणून शील घ्यायचे आणि दुपारी पोराच्या शेजारी बसून उत्तरे सांगायची, हे कसे जुळते? त्याने चोरलेले पाच गुण शासनाचे नसतात. टेकडीवर एकटी बसून पेपर देणाऱ्या मुलीच्या पुढे तो त्या पाच गुणांनी सरकलेला असतो.

परंतु मुलांवर ओरडण्याआधी आपल्या हातात जे आहे ते करूया. किनाऱ्यावर वादळ पुन्हा येणार आहे. २२ जुलै २०२१ रोजी महाड पाण्याखाली गेले आणि तळियेवर दरड कोसळली, तेव्हा निसर्ग वादळाला पुरते चौदा महिनेही झाले नव्हते. म्हणून वाडीच्या विहारात एक टेबल, एक दिवा आणि बॅटरीवर चालणारा एक चार्जर कायम ठेवा. वह्यांची, प्रमाणपत्रांची पिशवी पावसाळ्याआधी उंच, कोरड्या जागी बांधून ठेवा. पूर आला, वादळ आले, तर आठवड्याच्या आत महाविद्यालयाकडे लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. आपली माणसे ‘साहेब, सांभाळून घ्या’ म्हणून तोंडी विनवणी करतात. विनवणी ही दया मागते. अर्जात लिहा की, माझ्या मुलीची वही गेली आहे, तिची परीक्षा अन्य रीतीने घ्यावी. हे मागणे हक्काचे आहे आणि ते ताठ मानेने मागता येते.

ज्यांच्या मुलांनी त्या दोन वर्षांत पदवी घेतली, त्यांनी तिच्याविषयी कमीपणा बाळगू नये. मात्र मुलाला एकदा शांतपणे विचारावे की, त्यातले खरे तुझे किती? जे कच्चे राहिले असेल ते आजही शिकता येते. बाबासाहेबांनी चार वर्षांची मुदत मिळाल्यावर ती एकेक दिवस मोजून वापरली होती.

त्या मुलीला पुढे नोकरीच्या मुलाखतीत, तुम्ही ‘त्या’ वर्षीच्या का, असे विचारण्यात आले. तिने मला फोनवर सांगितले, “मी म्हटलं, हो. पण माझे अकरा माझेच आहेत, विचारून बघा.” त्यांनी विचारले, आणि तिने सुपारी सोलणाऱ्या बायांचा हिशेब पहिल्यापासून सांगितला.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम.